शाखा अनेक, पत्ता प्रत्येकीचा वेगळा
(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आजच्या विषयाची सुरुवात मी एका घरगुती अनुभवाने करणार आहे. काही वर्षांपूर्वी रात्री साडेनऊच्या सुमारास वडिलांसाठी एक औषध तातडीने हवे होते. मोबाईलवर शोध घेतला. अनेक शाखा असलेल्या एका औषध दुकानाची जवळची शाखा ‘सुरू आहे’ असे दिसले. प्रत्यक्षात तेथे कुलूप होते. शाखा दोन महिन्यांपूर्वीच दुसऱ्या रस्त्यावर हलली होती. नोंदीत दिलेला दूरध्वनी मुख्यालयाचा होता आणि तो कोणी उचलला नाही. औषध मिळेपर्यंत तास गेला.

ग्राहक आपल्या परिसरातील दुकान किंवा सेवा इंटरनेटवर शोधतो, त्याला स्थानिक शोध म्हणतात. अशा शोधात आपली प्रत्येक शाखा योग्य ठिकाणी, योग्य माहितीसह दिसावी यासाठी व्यवसायाने केलेली मांडणी हा आजचा विषय. तो केवळ जाहिरातीचा वाटतो. परंतु त्याचे मूळ पत्त्याच्या प्रश्नात आहे आणि हा प्रश्न आपल्या देशाला नवा नाही.

बिलासपूर छत्तीसगडमध्ये आहे आणि हिमाचल प्रदेशातही. शिवाजीनगर पुण्यात आहे, तसेच बंगळुरूतही. गावांच्या नावांतील हे साधर्म्य, अनेक भाषा आणि अपुरे पत्ते यांमुळे टपाल चुकीच्या ठिकाणी जात असे. त्यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड पद्धती सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृत कवी होते. सहा अंकांपैकी पहिला अंक विभाग दर्शवितो, पहिले दोन मिळून उपविभाग, पहिले तीन मिळून वर्गीकरण जिल्हा आणि शेवटचे तीन वितरण करणारे टपाल कार्यालय दर्शवितात. एकाच नावाची अनेक ठिकाणे वेगळी ओळखण्याचे जे काम पिनकोडने टपालासाठी केले, तेच आज शोधयंत्राला प्रत्येक शाखेसाठी करावे लागते.

शोधयंत्र हे कसे करते? गूगलने जाहीर केल्यानुसार स्थानिक निकालांचा क्रम मुख्यतः तीन बाबींवर ठरतो. पहिली, विचारलेल्या गोष्टीशी व्यवसायाचा असलेला संबंध. दुसरी, शोधणाऱ्यापासूनचे अंतर. तिसरी, त्या व्यवसायाची ख्याती. पैसे देऊन हा क्रम वाढवून मिळत नाही, असेही ती कंपनी स्पष्ट करते. अंतर कोणाच्याच हाती नसते. व्यवसायाच्या हाती उरते ती माहितीची अचूकता आणि सेवेचा दर्जा.

अनेक शाखांच्या व्यवसायाने त्यासाठी काय करावे? प्रत्येक शाखेची स्वतंत्र नोंद असावी. सर्व नोंदींत व्यवसायाचे नाव एकसारखे असावे. पत्ता, दूरध्वनी आणि कामाच्या वेळा मात्र त्या त्या शाखेच्याच असाव्यात. संकेतस्थळावर प्रत्येक शाखेसाठी वेगळे पान असावे आणि तेथे मिळणाऱ्या सेवा, जवळची खूण व स्थानिक सुट्ट्या नमूद कराव्यात. शाखा हलली की नोंद त्याच दिवशी बदलावी. मुख्यालयात बसून हे साधत नाही. शाखेतील एका व्यक्तीवर ही जबाबदारी सोपवावी लागते. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार व्यवसायाला ज्या ज्या राज्यांत नोंदणी आवश्यक असते, तेथे ती स्वतंत्रपणे करावी लागते आणि राज्यातील अतिरिक्त ठिकाणेही नोंदवावी लागतात. कर विभागाला जो पत्ता अचूक कळविला जातो, तो ग्राहकालाही तितकाच अचूक मिळावा, ही अपेक्षा रास्तच म्हणावी लागेल.

येथे काही गैरप्रकारही घडतात. जेथे कार्यालयच नाही तेथे शाखा दाखविणे, दुकानाच्या नावात ‘स्वस्त’, ‘सर्वोत्तम’ असे शब्द घुसविणे, विकतचे अभिप्राय मिळविणे. याची दखल घेऊन भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन ग्राहक अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक प्रसिद्ध केले. अर्थात त्याचा स्वीकार ऐच्छिक ठेवण्यात आला.

हा विषय खासगी व्यापारापुरता मर्यादित नाही. जनऔषधी योजनेचा प्रारंभ २००८ मध्ये झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये तिच्या केंद्रांची संख्या १५,००० वर पोहोचली. ही केंद्रे बहुतांशी वेगवेगळे उद्योजक व संस्था चालवितात. जवळचे केंद्र शोधता यावे म्हणून ‘जनऔषधी सुगम’ हे मोबाईल ॲप २०१९ मध्ये आणले गेले. औषध स्वस्त असूनही केंद्र सापडले नाही, तर रुग्णाला त्या स्वस्ताईचा लाभ कसा मिळणार?

भाषेचा प्रश्नही लक्षात घ्यावयास हवा. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. परंतु सवयीने जुने नाव लिहून शोधणारे लोक आहेत आणि औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे. नवा पत्ता आणि पिनकोड नोंदीत अचूक असेल, तरच अशा वेळी घोटाळा टळतो. जेथे घरक्रमांक वा रस्त्याचे नावच नाही, तेथे टपाल विभागाने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन उपयोगी पडू शकेल. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या सहकार्याने तयार झालेली ही दहा वर्णांची संज्ञा सुमारे चार मीटर लांब-रुंद चौकोन दर्शविते. ती पिनकोडची जागा घेत नाही, त्याला पूरक ठरते.

मित्रहो, उद्या आपल्यापैकी काहीजण प्रशासनात जातील. रेशन दुकान, आरोग्य उपकेंद्र, सेवा केंद्र यांच्या याद्या आपल्या टेबलावर येतील. त्या यादीतील प्रत्येक ओळीपुढे पत्ता, वेळ आणि दूरध्वनी आज खरा आहे का, हे एकदा विचारून पाहा. रात्री साडेनऊला कोणीतरी त्याच ओळीवर विसंबून घराबाहेर पडलेले असते.