झाडूची तार



घराच्या भिंतीला दोन खिळे ठोकायचे. झाडूला गुंडाळलेली तार सोडवून ती त्या खिळ्यांमध्ये ताणायची आणि दोन्ही टोकांना तारेखाली एकेक बाटली सरकवून ती कडक करायची. मग एका हातानं तार छेडायची आणि दुसऱ्या हातातली बाटली किंवा सुरी तिच्यावरून घसरवत न्यायची. झालं वाद्य! अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, कापसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांची मुलं शंभर वर्षांपूर्वी अशी वाजवायला लागत. ‘डिडली बो’ म्हणतात त्या वाद्याला. मीही एकदा गच्चीच्या दारावर अशी तार ताणून पाहिली होती. सूर निघाला. दाराचा रंगही निघाला.

त्या मुलांना ब्ल्यूज, म्हणजे या मजुरांचंच गाणं, शिकवलं कुणी? या प्रश्नाला लोकांनी एक भारी उत्तर शोधून ठेवलंय. रॉबर्ट जॉन्सन नावाचा तरुण गिटार वाजवायला लागला की मंडळी वैतागायची. तो काही काळ गायब झाला आणि परतला तो थक्क करणारं वाजवतच. लोक म्हणाले, यानं मध्यरात्री चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला. मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेल गावात हमरस्ता 61 आणि 49 मिळतात तिथे आज गिटारींची खूण उभी आहे, आणि पर्यटक तिच्याखाली फोटो काढून घेतात. खरी हकिगत अभ्यासकांनी पुढे शोधून काढली. त्या काळात जॉन्सन आइक झिमरमन नावाच्या एका गिटारवाल्याकडे शिकत होता. रात्री शांतता असते म्हणून दोघं स्मशानात बसून रियाज करत. म्हणजे सैतानाच्या गोष्टीत एक मास्तर झाकला गेला. मास्तरांच्या बाबतीत हे असं नेहमीच होतं म्हणा.

आज मला बोलायचंय ते त्याच क्लार्क्सडेलमधल्या मास्तरांबद्दल. वस्ती पंधरा हजारांच्या आसपास. ब्ल्यूजचा नामांकित गायक मडी वॉटर्स याच गावाजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर वाढला. 1941 साली ॲलन लोमॅक्स आणि जॉन वर्क हे लोकसंगीताचे दोन अभ्यासक अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, ग्रंथालयासाठी ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन मळ्यावर आले आणि त्यांनी त्याचं गाणं मुद्रित केलं. दोनच वर्षांनी मडी शिकागोला निघून गेला. 1944 साली गावाजवळच्याच हॉप्सन मळ्यावर कापूस वेचणाऱ्या यंत्रांचं प्रात्यक्षिक झालं. यंत्र आलं, वेचणीच्या हातांची गरज सरली. आधीपासून उत्तरेकडे वाहणारी माणसं आता लोंढ्यानं निघाली, आणि त्यांच्याबरोबर गाणंही गेलं. पूर्वी मूल ओसरीवर बसून काकाची बोटं बघत शिकायचं. आता ओसरीही ओस आणि काका शिकागोला. जी मुलं मागे राहिली त्यांच्या कानावर पुढे रेडिओ, मग रॅप. ब्ल्यूज म्हणजे आजोबांचं गाणं. त्यातून चर्चला जाणाऱ्या अनेक घरांत ते वाईट चालीचं गाणं मानलं जाई, मुलांनी त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये असं.

अशा वेळी जॉनी बिलिंग्टन नावाचा एक मोटार मेकॅनिक शिकागोहून परत आला. गाड्या दुरुस्त करायच्या आणि गावातल्या पोरांना गिटार, बास, ड्रम्स शिकवायचे, असं त्यानं सुरू केलं. पोरं त्याला ‘मिस्टर जॉनी’ म्हणत. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात 1979 साली एक छोटं ब्ल्यूज संग्रहालय निघालं होतं, ‘डेल्टा ब्ल्यूज म्युझियम’. 1992 साली त्याच म्युझियमनं मुलांसाठी शाळेनंतरचे वर्ग सुरू केले, आणि शिकवायला मिस्टर जॉनी आले. म्युझियम आता 1918 साली बांधलेल्या रेल्वेच्या जुन्या मालधक्क्यात आहे. मडी वॉटर्सची लाकडी खोपटीही उचलून तिथेच आणून ठेवली आहे. तिच्या एका फळीची गिटार करून घेऊन ‘झीझी टॉप’ या रॉक बँडच्या बिली गिबन्सनं म्युझियमसाठी पैसे उभे केले होते.

वर्गात काय होतं ते आता सांगतो, कारण गंमत तिथेच आहे.

ब्ल्यूजचा साचा चार-चार मात्रांच्या बारा खणांचा. तीनच कॉर्ड लागतात. आपल्या भाषेत सांगायचं तर एक षड्जावर उभा, दुसरा मध्यमावर, तिसरा पंचमावर. पहिल्या चार खणांत एक ओळ गायची. ओळ साधारण दोन खणांत संपते. उरलेल्या दोन खणांत गिटार उत्तर देते, आपल्याकडे शाहिराला झीलकरी देतात तसं. मग तीच ओळ पुन्हा, पण या वेळी खालची जमीन मध्यमावर सरकलेली. म्हणून शब्द तेच असले तरी ऐकताना वेगळे वाटतात. तिसरी ओळ पंचमावरून उतरत घरी येते आणि काहीतरी निकाल लावते. ओळींची रचना एवढीच: तक्रार, तीच तक्रार, आणि मग टोला.

लहान मूल दुसरं काय करतं? तक्रार सांगतं. मोठ्यांचं लक्ष नसतं. मग तीच तक्रार पुन्हा सांगतं. मी आपला मराठीत एक नमुना जुळवून पाहिलाय:

‘सकाळी उठलो, आणि माझा मोजाच सापडेना.
अगं आई, सकाळी उठलो, आणि माझा मोजाच सापडेना.
कुत्र्याच्या तोंडात दिसला, पण मेला सोडेना!’

हसू आलं ना? ब्ल्यूज म्हणजे रडगाणं, असा आपला एक समज असतो, आणि मग प्रश्न पडतो की आठ-दहा वर्षांच्या पोराला कसलं आलंय दुःख. मला हा प्रश्नच पटत नाही. एक तर मुलांना दुःख असतं. क्लार्क्सडेल ज्या भागात आहे त्या डेल्टासारख्या गरीब मुलखात तर असतंच असतं. दुसरं म्हणजे ब्ल्यूजची तिसरी ओळ रडत नाही, ती उलटून बोलते.

सुरांचंही तसंच. या गाण्यातला गंधार ना धड कोमल, ना धड शुद्ध. दोहोंच्या मधे कुठेतरी तो हेलकावतो. कागदावर तो लिहिता येत नाही. मास्तरांनी तार ओढायची, मुलानं ऐकायचं, चुकायचं, पुन्हा ओढायची. म्हणून हे शिक्षण पुस्तकातून होत नाही आणि म्हणूनच ओसरी ओस पडली की ते संपायला वेळ लागत नाही. बाकीची साथ मात्र नवशिक्यालाही लगेच जमते. बासवरचं मूल तीन जागा सांभाळतं, ड्रम्सवालं ठेका धरतं, आणि काही आठवड्यांत ‘आपण वाजवतोय’ असं त्यांना वाटू लागतं. एकट्यानं आधी परिपूर्ण व्हायची अट नाही. आपल्या शाळांतले पेटीचे वर्ग आठवले की मला याचं फार अप्रूप वाटतं. तिथे अलंकार घोटता घोटता निम्मी मुलं पळून जात, मी धरून!

मुलांना ब्ल्यूज शिकवण्याची आणखी एक वाट, थेट शाळांमध्ये जाण्याची, एकानं पाडली होती. शिकागोचा हार्मोनिकावादक बिली ब्रँच 1978 पासून वर्गावर्गांत जाऊन मुलांकडून ब्ल्यूज लिहवून घेतो, गाऊन घेतो. पण क्लार्क्सडेलची गोष्ट मला जास्त जवळची वाटते, कारण तिथे गाणं आपल्याच गावात परत आणायचं होतं.

मिस्टर जॉनी 2013 साली गेले. पुढच्याच वर्षी या वर्गांना कला-शिक्षणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि मुलांचा बँड व्हाइट हाउसमध्ये मिशेल ओबामांसमोर वाजवून आला. पुरस्काराची रक्कम दहा हजार डॉलर. अमेरिकेच्या मानानं फार नाही, पण असे वर्ग चालतात ते अशाच लहानसहान रकमांवर, देणग्यांवर, आणि संध्याकाळी वेळ काढणाऱ्या जुन्या वादकांच्या जिवावर.

या वर्गात बिल पेरी नावाच्या मास्तरांच्या हाताखाली एक मुलगा तयार झाला. क्रिस्टोन इंग्रॅम, जन्म 1999. आधी ड्रम्स, मग बास, मग गिटार. मास्तरांनी त्याचं नाव ठेवलं ‘किंगफिश’, आणि जग आता त्याला त्याच नावानं ओळखतं. ‘662’ या त्याच्या अल्बमला 2022 साली ग्रॅमी मिळालं. 662 हा त्याच्या भागाचा टेलिफोन कोड. ग्रॅमी मिळालं म्हणून वर्ग यशस्वी, असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच्याबरोबर शिकलेली बाकीची पोरं आज कुठे नोकरी करत असतील, रविवारी चर्चमध्ये बास वाजवत असतील. वर्ग त्यांचाही होता.

श्रोतेहो, सवड मिळाली तर दोन गोष्टी पाठोपाठ ऐका. आधी मडी वॉटर्सचं 1941चं ते मळ्यावरचं ध्वनिमुद्रण आणि मग किंगफिशचं कुठलंही गाणं. मधे ऐंशी वर्षं गेली आहेत. मळा आणि गाव यांत अंतर फक्त काही मैलांचं. दोघांचाही गंधार नेमका कुठे लागतो ते बघा. मी पेटी पुढ्यात घेऊन पुष्कळदा प्रयत्न केला. दोन पट्ट्यांच्या मधे जागाच नाही हो!