शेखाडीचा किनारा

सीमा म्हटली की आपणां पुणेकरांच्या डोळ्यांसमोर काश्मीरचा बर्फ उभा राहतो. परंतु ताम्हिणी घाट उतरून आपण दिवेआगर-श्रीवर्धनला सहकुटुंब जातो, त्या वाटेवरचे शेखाडी हीदेखील देशाची सीमाच आहे. फेब्रुवारी १९९३ मध्ये तेथेच आरडीएक्स उतरले आणि १२ मार्चला मुंबईत २५७ जीव गेले. किनारा राखणे हे ज्यांचे कर्तव्य, त्या सीमाशुल्क व पोलीस खात्यांतील काहींनीच वाट मोकळी करून दिली. २००६ मध्ये टाडा न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले.

१९९३ मध्येच नेमलेल्या व्होरा समितीने गुन्हेगार, राजकारणी आणि नोकरशहा यांच्या साट्यालोट्यावर बोट ठेवले. अहवाल १९९५ मध्ये संसदेत आला. जोडपत्रे मात्र जनतेपुढे ठेवली गेली नाहीत. नंतर सरकारे बदलली, आपल्या मतांनी निवडून आलेलीही आली. त्यांनाही हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री बधवार पार्कच्या किनाऱ्यावर उतरलेल्या दहशतवाद्यांना प्रथम हटकले, ते तेथील कोळी बांधवांनी. सागरी सुरक्षेच्या बैठकांत त्यांना खुर्ची किती वेळा मिळते? पुढच्या सहलीत शेखाडीला थांबा, तेथील कोळ्यांशी बोला. परकी होडी त्यांना लांबूनच ओळखू येते.