पाणी ही अमानत आहे

(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तुमच्यापैकी अनेकजण सहलीला गेले असतील. बिबट्या आणि कान्हेरीची लेणी, एवढीच त्या जंगलाची ओळख आपल्याला असते. आज मी तेथील पाण्याविषयी चार शब्द बोलणार आहे.

या जंगलात विहार आणि तुळशी असे दोन तलाव आहेत. मुंबईला नळाचे पहिले पाणी १८६० साली विहारमधून मिळाले. तुळशीची भर १८७९ साली पडली. आज शहराचे बहुतेक पाणी भातसा, वैतरणा, तानसा येथून येते हे खरे. परंतु हे दोन तलाव अजूनही आपली तहान भागवीत आहेत. त्याच्याही कित्येक शतके आधी कान्हेरीच्या भिक्षूंनी खडकात पोढी खोदून पावसाचे पाणी साठविले होते. झाडांची मुळे माती धरून ठेवतात, म्हणून तलाव गाळाने लवकर भरत नाहीत. जंगल गेले, तर तलावही जाईल.

विहार भरून वाहू लागला की ते पाणी मिठी नदीत उतरते आणि कुर्ल्यावरून माहीमच्या खाडीला जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठीकाठच्या वस्त्यांतील कित्येकांचे संसार वाहून गेले. दोष पावसाला देऊन भागणार नाही. भराव आणि कचरा टाकून नदीचे पात्र माणसानेच अरुंद केले होते, आणि त्याची किंमत मोजली ती गरिबांनी.

वाहत्या नदीकाठी बसलो तरी वुजूसाठी पाणी जपून वापरावे, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. ती मशिदीच्या हौदापुरतीच आहे काय? जंगल, तलाव, नदी ही आपली मालमत्ता नव्हे. ती अल्लाहने सोपविलेली अमानत आहे.

मुंबईच्याच डॉ. सलीम अलींनी लहानपणी एका चिमणीविषयी प्रश्न विचारला आणि त्यातून थोर पक्षिशास्त्रज्ञ घडला. मुलांनो, तुम्हीही घरी जाऊन विचारा : आपल्या नळाचे पाणी कोठून येते, आणि आपला कचरा कोठे जातो? उत्तर मिळाले की काय करायचे, हे मी सांगण्याची गरज उरणार नाही.

अल्लाह आपणां सर्वांना ही अमानत सांभाळण्याची बुद्धी देवो. खुदा हाफिज.