तिसरीचा वर्ग : दिवाळीपूर्वीचे चार महिने



जूनच्या मध्याला मराठवाड्यातील शाळांची दारे उघडतात आणि दिवाळीच्या सुट्टीबरोबर पहिले सत्र संपते. दुसरे सत्र सुट्टीनंतर सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालते. वर्षाची ही दोन दले सर्व महाराष्ट्रात सारखीच आहेत. परंतु बीड जिल्ह्यात या पंचांगाच्या जोडीला दुसरे एक पंचांग चालते आणि ते साखर कारखान्याच्या गाळपाचे असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची गाडी गावात येते, उचल घेतलेली कुटुंबे संसार बांधतात आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर किंवा सीमेपलीकडे बेळगाव-बागलकोटचा रस्ता धरतात. ती परततात मार्च-एप्रिलमध्ये. केज तालुक्यातील युसूफ वडगाव आणि त्याच्या आसपासच्या गावांना या वेळापत्रकाची वेगळी ओळख करून देण्याची आवश्यकता नाही.

याचा अर्थ काय? वर्गातील काही मुलांसाठी वर्ष दोन सत्रांचे असते, तर काहींसाठी ते एकाच सत्राचे असते. एकाच सतरंजीवर शेजारी बसलेल्या दोन मुलांपैकी एकाला संपूर्ण तिसरी मिळते आणि दुसऱ्याला अर्धीच. म्हणूनच या सत्रात तिसरीचा वर्ग काय शिकणार, हा केवळ गुरुजींच्या टाचणवहीपुरता विषय राहत नाही. तो संपूर्ण गावाचा विषय होतो.

वाचन : शिक्षणाचे महाद्वार

तिसरीच का, असा प्रश्न स्वाभाविकपणे पडेल. पहिली-दुसरीत मूल वाचायला शिकते. चौथीपासून ते वाचून शिकू लागते. तिसरी हा या दोहोंमधील उंबरठा आहे. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले, तेव्हा तिसरीच्या अखेरीस प्रत्येक बालकाला अर्थ समजून वाचता यावे आणि अंकांचे मूलभूत ज्ञान असावे, हे लक्ष्य ठरवले आणि त्यासाठी २०२६-२७ हे वर्ष नेमले. त्याचे मोजमापही दिले : तिसरीच्या मुलाने अर्थ समजून घेत मिनिटाला किमान साठ शब्द वाचावेत आणि ९९९९पर्यंतच्या संख्या वाचाव्यात, लिहाव्यात.

साठ शब्द म्हणजे सेकंदाला एक शब्द. यामागे घाई नाही. अक्षर अक्षर जुळवत वाचणारे मूल वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत वाक्याचा आरंभ विसरून जाते. त्याच्या पदरात अर्थ पडतच नाही. शब्द एका दृष्टिक्षेपात ओळखू आले की मन अर्थाकडे धावायला मोकळे होते. गावाचेच नाव घ्यावे. ‘वडगाव’ हा शब्द पहिलीचे मूलही वाचील. त्यात एक काना आहे, जोडाक्षर नाही. वडगाव नावाची गावे महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत, म्हणून प्रत्येकाच्या मागे-पुढे काही ओळख जोडावी लागते. युसूफ वडगाव म्हणताच ऱ्हस्व-दीर्घ उकार येतात. आणि ‘अंबाजोगाई’, ‘ग्रामपंचायत’, ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम’ असे शब्द समोर आले की अनुस्वार आणि जोडाक्षरे यांची परीक्षा होते. या सत्रातील भाषेचे काम मुख्यतः हेच आहे : जोडाक्षरांवर न अडखळता परिच्छेद वाचणे, वाचलेले स्वतःच्या शब्दांत सांगणे आणि चार-पाच वाक्ये स्वतः लिहिणे.

घरच्या वडीलधाऱ्यांना हे तपासता येईल काय? निश्चित येईल. त्यासाठी स्वतः साक्षर असण्याचीही अट नाही. आजीने नातीला समोर बसवावे, कोणतेही पान वाचायला सांगावे आणि विचारावे, “यात काय सांगितलंय ग?” नातीने गोष्ट सरळ सांगितली तर तिला वाचता येते. ती गप्प राहिली, तर ती अक्षरे म्हणते आहे, वाचत नाही. पाठांतर आणि वाचन यांतील भेद निरक्षर आजीच्या कानालाही कळतो.

अंक : मुकादमाच्या वहीतले आणि शाळेतले

गणितात शतक, दशक, एकक यांची स्थानिक किंमत, हातच्याची बेरीज-वजाबाकी, पाढे, गुणाकार, भागाकाराची तोंडओळख, नाणी-नोटा आणि घड्याळ हा तिसरीचा नित्याचा शिधा आहे. मराठी मुलाची येथे एक खास अडचण होते. ‘बत्तीस’ म्हणताना दोन आधी उच्चारला जातो आणि लिहिताना तीन आधी लिहावा लागतो. ‘एकोणतीस’मध्ये तर तीसचा उच्चार होतो, परंतु पाटीवर २ आणि ९ उमटवावे लागतात. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ या धर्तीची जोड-वाचनाची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. वादाच्या दोन्ही बाजू क्षणभर दूर ठेवल्या, तरी मुलाची अडचण खरी होती हे मान्य करावे लागते. तिच्यावर उपाय जुनाच आहे. काड्यांचे दहा-दहांचे गठ्ठे बांधावेत, सुट्या काड्या बाजूला ठेवाव्यात आणि बोललेला अंक हाताने मांडून पाहावा. ज्या घरात उसाच्या मोळ्या बांधल्या जातात, त्या घरातील मुलाला गठ्ठा आणि सुटे यांतील फरक समजावून सांगावा लागत नाही.

या गणिताचे मोल पाटीपुरते नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. हंगामाच्या आधी उचल घेतली जाते. तोडलेल्या उसाची टने, खाडे आणि वाहतूक यांचा हिशेब मुकादमाच्या वहीत राहतो आणि हंगाम संपल्यावर किती फिटले, किती उरले, हे ती वही सांगते. जानेवारी २०२४मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. परंतु ती वाढ आपल्या हिशेबात प्रत्यक्ष उतरली की नाही, हे पाहण्यासाठी घरात किमान एका व्यक्तीला गुणाकार यावा लागतो. ज्या घरात हिशेब वाचणारे कुणी नाही, त्या घराला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. आज आठ वर्षांची असलेली मुलगी तिसरीत हातच्याची बेरीज पक्की करते, तेव्हा तिच्या घराच्या स्वाभिमानाची पहिली वीट रचली जाते.

परिसर : आपला जिल्हा, आपला वारसा

तिसरीचा तिसरा मोठा विषय म्हणजे परिसर. बालभारतीने या इयत्तेसाठी जिल्हावार पुस्तके काढली, त्यांत बीड जिल्ह्याचेही पुस्तक होते. त्यामागचा विचार योग्य होता : जगाचा नकाशा उलगडण्यापूर्वी मुलाने आपला जिल्हा जाणावा. पुस्तके काळानुसार बदलतात, जिल्हा बदलत नाही.

या सत्रात परिसर शिकण्यासाठी निसर्गच अनुकूल असतो. बालाघाटाच्या डोंगररांगा पावसाने हिरव्या होतात. जिल्ह्यातच उगम पावणारी मांजरा वाहू लागते आणि केज तालुक्यातील धनेगावच्या धरणात पाणी साठते. याच धरणाने तळ गाठला तेव्हा, एप्रिल २०१६मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. आज तिसरीत बसलेली मुले त्यानंतर जन्मली आहेत. त्यांना ही हकिकत आई-वडिलांनीच सांगितली पाहिजे, म्हणजे ‘पाण्याचा जपून वापर करावा’ हे वाक्य त्यांना केवळ प्रश्नोत्तरापुरते उरणार नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सीताफळे पिकतात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. घरच्या बांधावरचे फळ आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर सांगते, हे मुलाला समजले की त्याची मान आपोआप ताठ होते.

इतिहासही दूर नाही. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८चा ‘विवेकसिंधु’ हा मराठीतील आद्य ग्रंथ म्हणून परंपरेने ओळखला जातो. त्याच नगरीत दासोपंतांनी सुमारे चाळीस फूट लांबीच्या वस्त्रावर ग्रंथ लिहिला, तीच प्रसिद्ध ‘पासोडी’. ज्या भूमीत कागद अपुरा पडला तेव्हा कापडावर विद्या उतरली, त्या भूमीतील मुलाने पुस्तक हातात असताना निरक्षर राहावे काय?

आणि याच सत्रात १७ सप्टेंबर येतो. निजामाच्या राजवटीत या भागात वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी मुलाला आपल्या भाषेतून पुढे शिकण्याची वाट सहज मिळत नसे. अशा काळात स्वामी रामानंद तीर्थांनी आधी हिप्परग्याला आणि पुढे अंबाजोगाईला शाळेच्या माध्यमातून तरुण घडवले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. त्या लढ्याची पूर्वतयारी वर्गखोल्यांमध्येही झाली होती. झेंडावंदनाला उभ्या राहणाऱ्या तिसरीच्या मुलाला एवढे निश्चित सांगता येईल की, मराठीतून शिकण्याचा जो अधिकार त्याला आज अनायासे लाभला आहे, तो त्याच्या पणजोबांच्या पिढीने झगडून मिळवला.

सुटलेला धागा

ही सर्व शिदोरी बांधून होते न होते तोच दिवाळी येते आणि मूल निघून जाते. फडावर, कोपीत, त्याच्याकडे पुस्तक असले तरी उजेड नसतो. उजेड असला तरी उसंत नसते. आठ-नऊ वर्षांची मुलगी असेल तर तान्ह्या भावंडाला सांभाळण्याचे काम तिच्याकडे येते. नुकतेच जुळू लागलेले वाचन चार-पाच महिन्यांत विरते. एप्रिलमध्ये परतलेले मूल जूनमध्ये चौथीत बसते, पण वाचनात ते दुसरीतच उरलेले असते. पुढे त्याला वर्गात लाज वाटू लागते, मग शाळा नकोशी होते. मुलीच्या बाबतीत शाळा सुटणे आणि लवकर लग्न होणे यांत किती थोडे अंतर असते, हे या जिल्ह्यात कुणाला सांगावे लागू नये.

येथे आई-वडिलांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. लेकरू मागे कुणाच्या भरवशावर ठेवावे, ही त्यांची काळजी खरी आहे. त्यांना मुलाचे शिक्षण नको असते असे नव्हे. त्यांना पर्याय हवा असतो. पर्याय कागदावर आहेतही. गावातच मुलांच्या जेवणाची आणि देखभालीची सोय करणारी हंगामी वसतिगृहे आहेत. स्थलांतर करणाऱ्या मुलासोबत देण्याचे शिक्षण हमी कार्ड आहे. त्यावर मुलाची अध्ययनपातळी नोंदवलेली असते आणि ते पाहून कारखाना परिसरातील शाळेला पुढचे शिकवणे सुरू करता येते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने तर मुलाला एका शाळेतून दुसरीकडे जाण्याचा हक्क दिला आहे, आणि दाखल्याला उशीर झाला या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. प्रश्न तरतुदीचा कमी आणि तिला हात लावणाऱ्या माणसांचा अधिक आहे.

समाजाने करावयाचे काम

म्हणून काम दसऱ्याच्या आधी सुरू झाले पाहिजे. गाडी वेशीवर उभी राहिल्यावर समजूत घालण्यात अर्थ नाही; तोपर्यंत उचल खर्च झालेली असते आणि भांडी बांधलेली असतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घरोघरी जाऊन कोणते कुटुंब जाणार, मूल कुणाजवळ राहू शकेल, आजी-आजोबांची प्रकृती कशी आहे, याची यादी शाळा व्यवस्थापन समितीच्या हाती द्यावी. तिच्या आधारे हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेवर होते. जे मूल जाणारच, त्याच्या आईच्या हाती हमी कार्ड पडले की नाही, हे स्वतः पाहावे आणि ते कार्ड कुठे दाखवायचे, हे तिला नीट समजावून सांगावे.

मागे राहिलेल्या मुलांसाठी संध्याकाळचा एक तास पुरतो. समाजमंदिर असो, मारुतीच्या देवळाचा ओटा असो की कुणाची पडवी. दिवा, सतरंजी आणि ऐकणारे एक माणूस एवढेच साहित्य लागते. वाचून घ्यावे, अर्थ विचारावा, पाढे म्हणून घ्यावेत. शिक्षकाचे काम हाती घेण्याचा हा प्रयत्न नाही; शिक्षकाने जोडलेला धागा तुटू न देण्याचा आहे. ज्या घरी आजी एकटीच असेल, तिच्या नातवाला शेजारच्या ताटात एक भाकरी वाढली जावी. टोळीत कोणत्या जातीची, कोणत्या पंथाची कुटुंबे आहेत, हे ऊस विचारत नाही; मग गावाने तरी का विचारावे? समरसता ही भाषणात सांगायची गोष्ट नव्हे, ती त्या भाकरीत दिसते.

पालकांनीही एक निश्चय करावा. फोन प्रत्येक टोळीत आहे. आठवड्यातून एकदा फडावरून गावी फोन करताना मुलाला ‘जेवलास का’ विचारल्यावर आणखी एक वाक्य विचारावे, ‘आज काय वाचलंस, ते सांग.’ मैलोगणती दूर असलेली आईही अशा रीतीने मुलाच्या अभ्यासाला बसू शकते.

या सत्रात तिसरीच्या वर्गाने साठ शब्द वाचावेत, हातचा न विसरता बेरीज करावी, मांजरेचा उगम आणि मुकुंदराजांची समाधी कुठे आहे ते सांगावे, ही अपेक्षा शाळेकडून रास्त आहे. जे शिकले ते एप्रिलमध्येही त्याच्याजवळ शाबूत असावे, ही अपेक्षा मात्र गावाकडून आहे. दिवाळीनंतर वर्गात जितके पाट रिकामे दिसतील, तितकी घरे यादीतून सुटली असे समजावे, आणि पुढच्या दसऱ्याआधी पहिली फेरी त्याच घरांपासून सुरू करावी.