गरम लोखंड लाल दिसत नाही

आजचा भाग खास आपल्या सातारा-सांगलीकडच्या पोरांसाठी. ट्रॅक्टर चालवणारे, ऊसतोडणी यंत्रावर असणारे, कारखान्यात नव्याने लागलेले, नाहीतर हायवेच्या कामावर रोलरवर बसणारे. तुम्ही यातले नसाल, तर तुमचा भाऊ नाहीतर मित्र नक्की असेल. त्याला हा भाग पाठवा.

विषय आहे भाजणं. भाजणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जाळ येतो. पण जाळ दिसतो, म्हणून माणूस त्याच्यापासून लांब राहतो. मशीनवर काम करणारा भाजतो तो बहुतेक वेळा जे गरम दिसतच नाही त्यानं.

लोखंड लालसर दिसायला लागतं साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या पुढं. त्याच्या खाली, म्हणजे १०० ला, २०० ला, ४०० ला, ते थंड लोखंडासारखंच दिसतं. रंग तोच, गंज तोच. आणि आपल्या कातडीला किती लागतं? ६० अंशाचं पाणी पाच-एक सेकंदात खोलवर भाजतं, ७० अंशाचं सेकंदभरात. म्हणजे हात पोळल्यापासून लाल दिसेपर्यंत मधे चारशे अंशांचा पट्टा आहे, आणि त्यात डोळे काहीच सांगत नाहीत. आज जे काही सांगणार आहे, ते सगळं या एका गोष्टीतून निघतं.

सुरुवात ट्रॅक्टरपासून. हंगाम चालू आहे, दोन ट्रॉल्या भरून ऊस, चढ लागला आणि काटा लाल पट्ट्यात गेला. गडी खाली उतरतो आणि पहिलं काय करतो? रेडिएटरचं झाकण. आता बघा, पाणी १०० अंशांना उकळतं ते उघड्या पातेल्यात. रेडिएटरमध्ये दाब असतो, त्यामुळं आतलं पाणी ११५-१२० अंशांपर्यंत गेलं तरी पाणीच राहतं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि त्यातल्या काही पाण्याची एका क्षणात वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ साधारण १६०० लिटर जागा मागते. ती वाफ उरलेलं उकळतं पाणी सोबत घेऊन वर येते, आणि वर तुमचं तोंड असतं.

यावर उपाय म्हणजे वाट बघणं. इंजिन बंद करायचं आणि निदान अर्धा तास झाकणाला हात लावायचा नाही. वरचा रबरी पाईप थंड झाला की मगच झाकण. तेही जाड कोरडं कापड ठेवून, तोंड बाजूला करून, पहिल्या खाचेपर्यंत फिरवून थांबायचं, फुसफुस संपू द्यायची. कापड कोरडंच पाहिजे. ओलं पोतं बरं वाटतं, पण ओल्या कापडातून उष्णता झटकन हातापर्यंत येते.

"अर्धा तास कोण थांबणार? गव्हाणीला नंबर लागलाय!" बरोबर आहे. मागनं मालकाचा फोन येतो, पुढची खेप चुकते. म्हणून हे फक्त ड्रायव्हरला सांगून उपयोग नाही. मालक ऐकत असेल तर त्यालाही सांगतो: दादा, "गाडी गरम झालीय" असा फोन आला की पहिलं वाक्य "थांब, उघडू नको" हे असू द्या. "कुठवर आलास?" नंतर विचारा.

आता हार्वेस्टर. त्यात दोन गोष्टी. एक, पाचट. वाळलेलं पाचट जाऊन बसतं इंजिनच्या सांदीत, टर्बो आणि सायलेन्सरच्या आजूबाजूला. भरपूर लोडवर हे भाग काहीशे अंश गरम असतात. पाचट तिथं तासभर गप्प बसतं आणि मग पेटतं. म्हणून दर काही तासांनी मशीन बंद करून, थंड होऊ देऊन हवेनं साफ करणं हे कामातच धरायचं. आगीचा सिलिंडर केबिनपाशी, खाली उभं राहून हाताला येईल असा.

दुसरी गोष्ट हायड्रोलिकचा पाईप. आत गरम तेल, दाब दीड-दोनशे बारच्या आसपास. सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तर तेलाची धार दिसत नाही, नुसतं धुकं दिसतं. गळती कुठं आहे हे बघायला बोट फिरवलं, तर ती धार कातडी फोडून आत जाते. वरनं फक्त एक ठिपका. दुखतही नाही फार. पण आत तेल पसरतं, आणि काही तासांत ऑपरेशन झालं नाही तर बोट, कधी हातच जातो. त्यामुळं गळती शोधायची ती पुठ्ठ्यानं, लांबून. आणि ठिपका दिसला तर मलम न लावता थेट हॉस्पिटल, आणि तिथं "हायड्रोलिक तेल आत गेलंय" हे शब्द सांगायचे.

आता कारखाना. बॉयलरची भीती सगळ्यांना असते, आणि त्यासाठी १९२३ सालापासून कायदा आहे, तपासणी आहे, परवानाधारक माणूस आहे. पण डिसेंबर २०१७ मध्ये परळीच्या वैद्यनाथ साखर कारखान्यात जी दुर्घटना झाली, ती उसाच्या गरम रसाच्या टाकीची. कामगार भाजले, काहींचा जीव गेला. म्हणजे बॉयलरकडं बघताना बाकीच्या टाक्या, पाईप, व्हॉल्व्ह विसरायचे नाहीत.

वाफेचंही तसंच. आपण जिला वाफ म्हणतो ते पांढरं धुकं म्हणजे थंड होत आलेले पाण्याचे थेंब. खरी वाफ दिसत नाही. वीज तयार करणाऱ्या कारखान्यांत ती ५०० अंशांच्या आसपास असते. पाईप गळत असेल तर नुसती शिट्टी ऐकू येते, आणि भोकापाशी काहीच दिसत नाही. तिथून हात फिरवायचा नाही. मागं सरकायचं, लोकांना थांबवायचं, शिफ्ट इंजिनिअरला कळवायचं. आणि वाफ उकळत्या पाण्यापेक्षा जास्त का भाजते? कातडीवर तिचं पाणी होतं तेव्हा ती साठवलेली सगळी उष्णता तिथंच सोडते. तेवढ्याच वजनाच्या उकळत्या पाण्याच्या आठ-नऊ पट.

गुऱ्हाळावरची काहील आणि रस्त्यावरचं डांबर, या दोन्हींचा स्वभाव एक: चिकटतात. गूळ उतरवताना काहिलीत ११५ अंशांच्या पुढं असतो, रस्त्यावर अंथरायचं डांबराचं मिश्रण दीडशेच्या आसपास. पाणी ओघळून जातं, हे जात नाही, भाजतच राहतं. म्हणून सातारा ते कागल हायवेच्या कामावर असाल, तर चप्पल घालून जाऊ नका. आणि ते चकचकीत ट्रॅकपँट-टीशर्ट पण नको. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट.

उन्हाळ्यात माण, खटाव, आटपाडी, जतकडं पोकलेन नाहीतर रोलर चालवणाऱ्यांना अजून एक धोका. वरून ऊन, खालून इंजिन. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या देऊ लागला, तर "दमलाय, पडू दे जरा" म्हणू नका. तो उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत नि मानेला बर्फ असला तर बर्फ. गाडी येईपर्यंत हे थांबवायचं नाही. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

आणि भाजलंच तर? वाहतं साधं पाणी, २० मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, शाई नको. अंगठी, कडं, घड्याळ लगेच काढा, नंतर सूज येते. चिकटलेलं कापड, गूळ, डांबर ओढू नका, डांबर काढायला डिझेल लावू नका. स्वच्छ कापडानं सैल झाका आणि १०८ ला फोन. चेहरा, हात, सांधे भाजले असतील तर जखम छोटी दिसली तरी दवाखाना.

शेवटी एक सवय सुचवतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडं एक शिस्त असते: महत्त्वाची गोष्ट माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडायची नाही, लिहून ठेवायची. मशीनवर तेच करता येतं, दहा रुपयांच्या खडूनं. मशीन बंद केलं की बॉनेटवर वेळ लिहा. "बंद, ४:१०." नंतर येणारा मिस्त्री, क्लीनर, पुढच्या पाळीचा माणूस, त्याला लोखंड बघून काही कळणार नाही, पण ते आकडे वाचता येतील. आणि ज्याचा हात मशीनमध्ये आहे, किल्ली त्याच्याच खिशात.

किल्ली आणि खडू, दोन्ही एकाच खिशात मावतात. उद्या कामावर जाताना घेऊन जा. भेटू पुढच्या भागात, काळजी घ्या.