सरवा



भुईमूग काढून शेंगा घरी गेल्या, की आमच्या गावात शेताची वाट सगळ्यांना मोकळी व्हायची. ज्यांना गुंठाभरही जमीन नाही अशा बायका टोपली घेऊन यायच्या आणि मातीत राहिलेल्या शेंगा वेचायच्या. आजी गड्यांना बजावायची, "फार उकरत बसू नका रे, मागच्यांना राहू द्या." या वेचणीला म्हणतात सरवा.

पुढे बायबलमध्ये हाच शब्द भेटला. लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायात आज्ञा आहे की, शेताच्या कडेकोपऱ्याची कापणी करू नये, पडलेला सरवा उचलू नये. तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवावा. रूथ, परमुलखातून आलेली विधवा सून, बेथलेहेमात बवाजाच्या शेतात असाच सरवा वेचून सासूला जगवते. धनी मूठभर धान्य कुणाच्या ओंजळीत टाकत नाही, तर वाट मोकळी ठेवतो. गरजवंत स्वतःच्या हाताने वेचतो आणि ताठ मानेने घरी जातो. मला ही आज्ञा मोठी वाटते ती यासाठी.

पण शहरातल्या मंडळीला शेत कुठलं? अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात प्लेझंट होप बॅप्टिस्ट चर्च आहे. मंडळी कृष्णवर्णीयांची. तिथले तेव्हाचे पाळक हीबर ब्राऊन आजारी सभासदांना भेटायला इस्पितळात जात. अनेकांच्या दुखण्याचं मूळ ताटात होतं. ताजी भाजी बाजारात होती, पण तिचा भाव या घरांना परवडणारा नव्हता. नुसती प्रार्थना करून परतणं ब्राऊन यांना पुरेसं वाटेना. मग त्यांची नजर चर्चच्या दारातल्या मोकळ्या जागेवर गेली. जागा जेमतेम दीड हजार चौरस फूट, पण २०१० साली तिथे भाजीची बाग उभी राहिली. मंडळीतल्याच, शेती जाणणाऱ्या एका वडीलधाऱ्या बाईंनी पुढाकार घेतला. त्या लहानशा तुकड्यातून वर्षाला हजार पौंडांहून अधिक, म्हणजे साडेचारशे किलोंच्या वर भाजी निघू लागली.

एवढ्याने शहराची भूक भागत नाही, हे खरं. पण बागेचं मोल २०१५च्या एप्रिलमध्ये कळलं. फ्रेडी ग्रे हा कृष्णवर्णीय तरुण पोलिसांच्या ताब्यात असताना जखमी होऊन मरण पावला आणि शहर पेटलं. दुकानं बंद, शाळा बंद. कित्येक मुलांचं जेवण शाळेतच व्हायचं, तेही थांबलं. तेव्हा लोकांनी प्लेझंट होपला फोन केले, कारण हे चर्च अन्न पिकवतं हे त्यांना ठाऊक होतं. ब्राऊन यांनी ओळखीच्या शेतकऱ्यांना हाक दिली आणि भाजीपाला वस्त्यांपर्यंत पोचला. त्यातूनच त्या वर्षी कृष्णवर्णीय शेतकरी आणि चर्च यांना जोडणारं जाळं उभं राहिलं. संकट आल्यावर बी पेरून भागत नाही. तिथे पाच वर्षं आधी पेरलं होतं, माणसं आधी जोडली होती.

ही वाट अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजात जुनी आहे. माँटगोमेरी शहरातल्या डेक्स्टर अव्हेन्यू चर्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्याआधी व्हर्नन जॉन्स पाळक होते. शिकल्यासवरल्या मंडळीला संकोच वाटला, तरी ते चर्चपाशी भाजी विकत. आपल्या समाजाने स्वतःचं अन्न स्वतः पिकवावं, हा त्यांचा ध्यास होता.

श्रोतेहो, आपलं चर्च असो, देऊळ असो, मशीद असो, अंगणात थोडी जागा असतेच. एका कोपऱ्यात वाफे करा. मेथी, पालक महिनाभरात हाताशी येतात. कुंपणावर दोडक्याचा, कारल्याचा वेल चढवा. एक शेवगा लावला तर वर्षानुवर्षं शेंगा देईल. हात धुतलेलं पाणी आळ्यात सोडा. आणि गरजूंना केवळ पिशवी घेण्यासाठी रांगेत उभं करू नका. त्यांना बागेत बोलवा, काय लावायचं ते विचारा. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी गावाकडे शेत केलेलं असतं. तिथे शिकवणारे ते असतील आणि शिकणारे आपण.

कुणी विचारेल, फाटक उघडं ठेवलं आणि न सांगता कुणी भाजी तोडून नेली तर? नेऊ द्या. ती त्याच्यासाठीच लावली आहे.