लेझरचा पल्स आखूड करणारी गॅसची नळी

आजचा विषय टॅटूपासून सुरू करू. लेझरने टॅटू काढताना शाईचा कण फुटला पाहिजे, पण शेजारची कातडी भाजायला नको. त्यासाठी नुसती ऊर्जा वाढवून भागत नाही, तीच ऊर्जा कमी वेळात द्यावी लागते. हिशोब बघा: १ जूल १० नॅनोसेकंदांत दिला तर पॉवर होते १० कोटी वॅट. तोच १ नॅनोसेकंदात दिला तर थेट १०० कोटी!

मग पल्स आखूड करायचा कसा? एक जबरदस्त युक्ती आहे: जास्त दाबाखाली मिथेनसारखा गॅस भरलेली लांब नळी.

१० नॅनोसेकंदांचा पल्स हवेत सुमारे ३ मीटर लांब असतो. तो नळीत सोडायचा आणि भिंगाने पार शेवटच्या टोकापाशी फोकस करायचा. गॅसमध्ये बारीक ध्वनिलहरी कायम असतातच. त्यांच्यावरून थोडा प्रकाश मागे फिरतो. तो येणाऱ्या प्रकाशात मिसळला की गॅसमध्ये दाट-विरळ-दाट असे थर घट्ट होत जातात. जितके थर पक्के, तितका जास्त प्रकाश मागे. म्हणजे प्रकाश स्वतःच स्वतःसाठी आरसा तयार करतो! याला स्टिम्युलेटेड ब्रिल्वाँ स्कॅटरिंग म्हणतात.

आता खरी गंमत. परत निघालेल्या प्रकाशाला समोरून उरलेला पल्स भेटतो. पंगतीत पहिल्याच माणसाने सगळ्या पुरणपोळ्या उचलल्या तर मागच्यांच्या पानात काय पडणार? तसंच इथे. परतणाऱ्या पल्सचं पुढचं टोक समोरची ऊर्जा ओढून घेतं, शेपटीला फारसं काही उरत नाही. बाहेर येतो तो आखूड आणि तीव्र पल्स. आणि नळी ३ मीटरची लागत नाही, दोघं समोरासमोर धावतात म्हणून साधारण दीड मीटर पुरते.

ध्वनिलहर पुढे पळत असल्याने परतलेल्या प्रकाशाची फ्रिक्वेन्सी किंचित घटते, पण दहा लाखांत दोन-तीन भाग इतकीच. म्हणजे ध्वनीला द्यावी लागणारी ऊर्जा नगण्य.

मर्यादा आहेत. ध्वनिलहर तयार व्हायला आणि विरायला वेळ लागतो, म्हणून पल्स साधारण शेकडो पिकोसेकंदांपर्यंतच आखूड होतो. त्याहून फार छोटे पल्स हवेत तर वेगळं तंत्र लागतं, ज्याला २०१८चं नोबेल मिळालं. फोकस फारच तीव्र झाला तर गॅसमध्ये ठिणगी पडते आणि सगळा खेळ बिघडतो. पण काच तडकली की फेकून द्यावी लागते, गॅस मात्र पुढच्या पल्सला पुन्हा तयार!

१९८० मध्ये मिथेन वापरून हे तंत्र मांडणारे डेव्हिड हॉन. पुढे त्यांनी लेझर सोडून घडीच्या सायकलींची डाहॉन कंपनी काढली. आधी प्रकाश आखूड केला, मग सायकल!